नुसतं ‘टफन लाव’ म्हणून भागत नाही

बेळगावात कुठल्याही बांधकामावर काचेचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य कानावर पडतं: ‘टफन लाव, काळजी मिटली.’ टफन म्हणजे तापवून झटकन निववलेली, साधीपेक्षा मजबूत काच. दुकानाचं दार असो, जिन्याचा कठडा असो की अंगणावरचं छप्पर असो, सगळ्यांना एकच औषध. यात निम्मं खरं आहे, उरलेलं निम्मं धोक्याचं आहे. सेफ्टी काच म्हणजे न फुटणारी काच नव्हे. काचच ती, कधी ना कधी फुटणार. फुटल्यावर तुकडे कुठं जातील, अंगावर कसे येतील आणि रिकाम्या झालेल्या जागेतून कुणी खाली पडेल का, हे बघून प्रकार ठरवायचा असतो.

आधी साधी काच. वितळलेला रस पातळ कथलावर तरंगवून सपाट काच करायची फ्लोट पद्धत पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली, आणि आज खिडक्यांना बसते ती बहुतेक काच तिनंच बनते. ही काच फुटली की तिच्या लांबट सुऱ्या होतात. हात काचेतून आरपार जातो तेव्हा जखम होतेच, पण मोठी जखम बहुधा हात मागं ओढताना होते, कारण चौकटीच्या वरच्या कडेला अडकलेला तुकडा त्याच वेळी खाली घसरतो. शहापूर, अनगोळकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीत बसवलेली दोन-तीन मिमीची छोटी तावदानं असतात. ती आकारानं लहान, म्हणून तिथं फारसं बिघडत नाही. पण दार, दाराच्या शेजारचं पॅनेल, न्हाणीघर, आणि जमिनीपासून छातीपर्यंत येणारी कुठलीही मोठी काच, इथं साधी काच लावूच नये. माणूस घसरला, पोर धावत आलं, की जाऊन आदळणार ते इथंच.

आता टफन. साध्या काचेचीच ती पुढची पायरी. काच मापात कापायची, कडा घासायच्या, होल आणि खाचा पाडायच्या, धुवायची, कोपऱ्यात शिक्का मारायचा आणि मग सिरॅमिकच्या रोलरवरून भट्टीत सोडायची. आत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापते. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० सेकंद धरतात, म्हणजे ६ मिमीला चार मिनिटं. बाहेर येताच दोन्ही बाजूंनी हवेचा जोरदार झोत. वरचा थर झटकन आवळतो, आतला भाग नंतर सावकाश निवतो आणि आकसताना वरच्या थराला आत ओढून धरतो. जाडीच्या साधारण एक पंचमांश इतका थर दोन्ही बाजूंना दाबाखाली राहतो आणि मधला भाग ताणाखाली. १२ मिमीच्या काचेत दाबाचा थर म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच मिमीच्या आसपास. ताकद साध्या काचेच्या चार-पाच पट येते ती याच ओढाताणीमुळे. आणि ती फुटताना सगळीच्या सगळी एकदम फुटते तेही याचमुळे: चीर दाबाचा थर ओलांडून मधल्या ताणात शिरली की साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो. खाली पडतात ते खडीसाखरेएवढे खडे. युरोपीय मानकात ४ ते १२ मिमीच्या काचेसाठी ५० बाय ५० मिमी चौकोनात निदान ४० तुकडे मोजावे लागतात. तुकडे त्याहून मोठे पडत असतील तर भट्टीत किंवा हवेत काहीतरी कमी पडलंय.

या ओढाताणीमुळेच टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला होल पाडता येत नाही, कडेनं दोन मिमी घासूनही घेता येत नाही. साइटवर काच अडकली की ‘जरा घासून दे की’ म्हणणारे अजून भेटतात. ग्राइंडर लागला की काच पायाशी सांडलेली असते. म्हणून टफनचं सगळं यश मापात आहे.

मापाच्या घोळाचं एक कारण आपल्याकडचं फूट-इंच-सूत. सुतारापासून इंजिनिअरपर्यंत सगळे सुतात बोलतात आणि कारखान्याला माप मिमीत लागतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. तीन फूट पाच इंच तीन सूत म्हणजे १०५१ मिमी. घाईत ‘एक इंच म्हणजे २५ मिमी’ धरणारा माणूस सात फुटांच्या दारात जवळजवळ ३४ मिमीची चूक करून बसतो, आणि एवढी काच कुठल्याच गॅपमध्ये लपत नाही. टेप मिमीतच वाचावा आणि मिमीतच लिहावं. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी, उंचीही तीन ठिकाणी, आणि सगळ्यांत लहान आकडा धरावा. दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत तीन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर गाळा काटकोनात नाही, मग प्लायचा किंवा हार्डबोर्डचा साचा करून पाठवायचा. बिनचौकटीच्या दाराला वर आणि बाजूंना ३ ते ४ मिमी, खाली ८ ते १० मिमी जागा सोडायची. फरशी, ग्रॅनाइटचा उंबरा सगळं बसल्यावरच माप घ्यायचं. ‘फरशी पाऊण इंचाची येणार’ या भरवशावर घेतलेलं माप हमखास चुकतं.

होलचे नियमही पाठच हवेत. होलचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको. होलच्या काठापासून काचेच्या कडेपर्यंत जाडीच्या दुप्पट अंतर, कोपऱ्यापर्यंत सहापट. १२ मिमीच्या काचेला म्हणजे कडेपासून २४ आणि कोपऱ्यापासून ७२ मिमी. लॉकसाठी किंवा पॅच फिटिंगसाठी (बिनचौकटीचं दार कोपऱ्यात धरणाऱ्या धातूच्या पकडीसाठी) जी खाच घेतात तिचा आतला कोपरा गोल हवा. टोकदार ठेवला तर काच भट्टीतच जाते, आणि तिथून सुखरूप निघाली तर पुढं एखाद्या दुपारी जाते.

टफन पोटात जितकं घट्ट, तितकंच कडेला हळवं. मधोमध हाताची थाप सहज सोसेल, पण कडेला फरशीचा एक खडा टोचला की संपलं. म्हणून काच उतरवताना कोब्यावर थेट टेकवायची नाही, खाली लाकडी पट्ट्या किंवा रबर हवंच. चौकटीत बसवताना खाली रुंदीच्या चौथाईवर दोन्हीकडं निओप्रीन किंवा ईपीडीएम रबराचे ठोकळे ठेवायचे. काचेचा धातूशी, दगडाशी, स्क्रूच्या डोक्याशी कुठंही स्पर्श नको. पॅच फिटिंगच्या आत फायबरचं किंवा रबराचं गॅस्केट येतं. एखादं हरवलं म्हणून तसंच आवळलं की धातू थेट काचेवर बसतो. दार चार दिवस छान चालतं, मग उन्हाच्या वेळी आपोआप सांडतं आणि दोष काचेवर येतो. वजनाचाही हिशेब ठेवा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला अडीच किलो. सात बाय साडेतीन फुटांचं १२ मिमीचं दार ६८ किलोचं होतं. दाराखाली फरशीत बसणाऱ्या फ्लोअर स्प्रिंगवर लिहिलेली वजनाची आणि रुंदीची मर्यादा न बघता स्वस्तातलं घेतलं तर दार खाली झुकतं आणि कोपरा फरशीला लागतो.

कुणी हात लावला नाही, ऊन नाही, दणका नाही, तरी टफन फुटली, असंही होतं. काच बनवताना त्यात निकेल सल्फाइडचा बारीक कण राहून जातो. भट्टीच्या उष्णतेत तो एका रूपात असतो. हवेच्या झोतानं काच इतकी झटकन निवते की त्याला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो सावकाश बदलतो आणि थोडा फुगतो. ताणाच्या भागात असला तर तेवढं पुरतं. काच चौकटीत टिकून राहिली असेल तर फुटीचा उगम शोधा: तिथं फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांना चिकटलेले दिसले आणि ती जागा कडेपासून दूर असली, तर बहुधा हेच कारण. उगम कडेला असेल तर मात्र बसवणाऱ्यानं स्वतःचं काम तपासावं. यावर उपाय म्हणजे हीट सोक: टफन झालेली काच पुन्हा अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या घरात काही तास ठेवतात, म्हणजे बहुतेक वाईट काचा कारखान्यातच फुटून जातात. उंचावर किंवा रहदारीच्या डोक्यावर येणाऱ्या काचेला हा खर्च टाळू नये.

इथंच ‘टफन लाव, काळजी मिटली’ हे वाक्य लंगडं पडतं. दुकानाच्या दाराला, शॉवरच्या पार्टिशनला (८ किंवा १० मिमी) टफन उत्तम. पण गॅलरीच्या कठड्याला एकेरी टफन म्हणजे फुटली की कठडाच गेला. तिथं टेकून उभा असलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर मोकळ्या हवेत. आणि डोक्यावरच्या छपराला एकेरी टफन म्हणजे वरून खड्यांचा पाऊस. तेही सगळे सुटे पडत नाहीत, एकमेकांत अडकलेले जड ढेकूळ होऊन कोसळतात. खानापूर पट्ट्यात तर छपरावर माकडांच्या उड्या रोजच्याच.

तिथं लॅमिनेटेड हवी. दोन काचांच्या मधे पीव्हीबीची पारदर्शक फिल्म घालून, रोलरमधून दाबून, ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबभट्टीत १४० अंशांच्या आसपास आणि १२-१४ बार दाबाखाली चिकटवलेली ही काच. फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. काचेच्या आत चिकट थर घालायची कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांची. त्यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलं. तेव्हा आत सेल्युलॉइड असे आणि ते उन्हानं पिवळं पडे. पीव्हीबीनं ती अडचण संपवली. फिल्म ०.३८ मिमीच्या पटीत येते: ०.३८, ०.७६, १.१४, १.५२. कोटेशनमध्ये ‘१२ मिमी लॅमिनेटेड’ एवढंच लिहिलेलं स्वीकारू नका. ‘६ टफन + १.५२ पीव्हीबी + ६ टफन’ असं पूर्ण लिहून घ्या. दोन साध्या काचा ०.३८ फिल्मनं जोडल्या तरी कागदावर ती लॅमिनेटेडच असते.

कठड्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार थोडे सांगतात. दोन्ही काचा टफन असतील आणि दोन्ही फुटल्या, तर मधली पीव्हीबी एकटी उभी राहत नाही, सगळं पॅनेल भिजलेल्या गोधडीसारखं वाकून लोळतं. खाली काच धरणारी फक्त धातूची पन्हळ (यू चॅनेल) किंवा खुंट्या (स्पिगॉट) आणि वर काहीच नाही, अशा कठड्याला म्हणून एकतर सलग हँडरेल द्या, नाहीतर पीव्हीबीऐवजी आयोनोप्लास्ट फिल्म घ्या. बाजारात तिला एसजीपी म्हणतात. ती खूप कडक असते आणि फुटलेली काचही उभी धरते. महाग आहे, पण हँडरेल नको असेल तर हाच रस्ता.

छपरासाठी दोन एचएस काचांचं लॅमिनेशन सगळ्यांत चांगलं. एचएस म्हणजे हीट स्ट्रेंदन्ड: हवा मंद देऊन केलेली, साध्याच्या दुप्पट ताकदीची. फुटताना तिचे मोठे तुकडे पडतात, म्हणून एकेरी वापरली तर ती सेफ्टी काच ठरत नाही. पण फिल्मच्या दोन्ही बाजूंना तेच मोठे तुकडे एकमेकांत अडकून चौकटीत टिकून राहतात, आणि बदलायला सवड मिळते.

लॅमिनेटेडचा शत्रू म्हणजे कडेनं शिरणारं पाणी. आपला भाग याबाबतीत दोन तोंडांचा आहे. पश्चिमेला खानापूर, चोर्ला घाटाकडं चार महिने काच वाळतच नाही. तिकडं उघडी राहिलेली कड दोन-तीन पावसाळ्यांत पांढुरकी पडते, मग बुडबुडे येतात, मग थर सुटतो. याचं एक कारण आपणच लावतो: स्वस्त सिलिकॉन. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते असेटिक सिलिकॉन, आणि ते पीव्हीबीची कड खराब करतं. लॅमिनेटेडला न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे तो आंबट वास नसलेलं, सिलिकॉन घ्या. ट्यूबवर लिहिलेलं असतं. चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं ठेवा आणि काच ठोकळ्यांवर उचलून बसवा, म्हणजे कड पाण्यात उभी राहणार नाही. छपराला उतार द्या.

पूर्वेला अथणी, रायबागकडं दुखणं वेगळं, उन्हाचं. तिथं साधी काच किंवा साध्या काचांचं लॅमिनेशन उन्हानं तडकतं. मधला भाग तापतो, चौकटीत लपलेली कड गार राहते, आणि साधी काच साधारण ४० अंशांच्या फरकाला हार मानते. तडा कडेशी काटकोनात सुरू होतो आणि मग वळतो, ही त्याची खूण. गडद फिल्म चिकटवणं, काचेला लागून आतून कपाट उभं करणं, अर्ध्या काचेवर सावली आणि अर्धीवर ऊन पडणं, ही नेहमीची कारणं. अशा ठिकाणी टफन किंवा एचएसच घ्यावी. टफन २०० अंशांच्या आसपास फरक सोसते.

जाळीच्या काचेबद्दल मोठा गैरसमज आहे. आत तार दिसते म्हणून ती मजबूत वाटते. प्रत्यक्षात ती त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षाही कमजोर असते. तिचं काम आगीत: तडकली तरी तार तुकडे धरून ठेवते आणि ज्वाळा काही वेळ अडते. धडकेला ती सेफ्टी काच नाही. हात आत गेला तर काचेबरोबर तारही कापते.

गावातल्या शाळांच्या खिडक्या आणि काचेची कपाटं सगळी एकदम बदलणं परवडत नाही. तिथं १०० मायक्रॉनची पारदर्शक सेफ्टी फिल्म आतल्या बाजूनं लावणं हा प्रामाणिक मधला मार्ग आहे. काच फुटते, पण सुऱ्या सांडत नाहीत. काच ब्लेडनं खरवडून स्वच्छ करायची, साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म टेकवायची आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडं पाणी काढत जायचं. पूर्ण पकड यायला काही आठवडे लागतात, तोवर पुसायची नाही.

स्वयंपाकघरातली काचेची शेगडीही टफनच, आणि ती फुटल्याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. मुख्य कारण भांड्याचा आकार. स्टँडच्या बाहेर जाणारा भाकरीचा मोठा तवा किंवा पातेलं ठेवलं की उष्णता खाली परावर्तित होते आणि बर्नरभोवतीची काच प्रमाणाबाहेर तापते. दुसरं कारण बर्नर नीट न बसल्यानं काचेखाली पेटणारा गॅस. तिसरं, कडेला आधीच उडालेला टवका. कडेचा टवका दिसला तर शेगडी वापरणं थांबवा.

उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या दारांवरही बोललं पाहिजे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथच्या दाराची खिडकी म्हणजे नुसती काच नसते. आतल्या बाजूला चिप (धातूचा कीस) आणि कूलंट (थंड ठेवणारं द्रव) सोसायला काच, आणि तिच्यामागं पॉलिकार्बोनेट. चकमधून (फिरत्या पकडीतून) निसटलेला जॉ (पकडीचा जबडा) किंवा जॉब (कातायचा तुकडा) अडवण्याचं काम पॉलिकार्बोनेटचं. हे प्लास्टिक कूलंट आणि तेलाच्या संपर्कानं हळूहळू ठिसूळ होतं, वरून स्वच्छ दिसलं तरी. म्हणून कडेचं सील फाटलं, आत धुकट दिसलं किंवा बारीक केसासारख्या रेषा दिसल्या की पॅनेल बदलायचं, आणि यंत्र बनवणाऱ्यानं दिलेली बदलायची मुदत पाळायची. तिथं अ‍ॅक्रिलिक किंवा एकेरी टफन बसवून काम चालू ठेवणं म्हणजे ऑपरेटरच्या तोंडासमोर काहीच न ठेवणं. साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवरची, आत बघायची गोल साइट ग्लास वेगळ्या जातीची: टफन केलेली बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच. बदलताना गॅस्केट नवीनच घ्यायचं, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे आणि टवका उडालेली चकती पुन्हा वापरायची नाही.

आलेली काच खरी आहे की नाही, ते शिक्क्यावरून बघा. आयएस २५५३ हे भारतीय मानक: भाग १ इमारती आणि सर्वसाधारण वापरासाठी, भाग २ रस्त्यावरच्या वाहनांसाठी. आयएसआय चिन्हाबरोबरचा सीएम/एल क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून परवाना तपासता येतो. शिक्का पुसट असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरक्या उजेडात काच बघा: टफनमध्ये हवेच्या झोतांचे गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. लॅमिनेटेड कडेवरून ओळखा, मधली रेष नखाला लागते.

शेवटी गाडी. पुढची काच लॅमिनेटेड असणं मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याच नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा असंही आहे. पुणे-बेंगळूरु हायवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं पुढच्या काचेला नाण्याएवढा डाग पडला, तर तो लगेच राळ भरून दुरुस्त होतो, पण आधी त्यावर चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी गेलं की राळ धरत नाही. तडा कडेपर्यंत पोचला असेल तर काच बदलावीच लागते. नवी काच पॉलियुरेथेननं चिकटवतात. प्रायमर लावलाय का ते बघा, आणि मेकॅनिक सांगेल तितके तास गाडी हलवू नका, कारण अपघातात हीच काच एअरबॅगला आणि छताला आधार देते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन. गाडी पाण्यात गेली, दार उघडेना, तर पुढच्या काचेवर ताकद घालवू नका, ती तडकेल पण सुटणार नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात, कडेजवळ, टोकदार हातोडीचा एकच ठोका घाला. मधोमध मारलेला ठोका काच सोसते. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात, तेव्हा आपल्या गाडीच्या चारी काचांवरचे शिक्के आजच वाचून ठेवा आणि हातोडी डिकीत नव्हे, हाताशी ठेवा.